आगमनकाळातली घंटा

नाताळाआधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड चढतं, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते आणि गाणी हळू आवाजात म्हणायची असतात. येशू अजून यायचाय, तर आधीच धिंगाणा कसला! मला हे कधीच पटलं नाही. मी जन्माचा तापट, वाट बघणं म्हणजे मला दाढदुखी.

बाबा माझ्या अगदी उलट. भातशेती करून ते चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत. आगमनकाळ सुरू झाला की गजाचे केस सैल करायचे, वाद्य आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचे आणि कपाटावर ठेवून द्यायचे. चार आठवडे त्याला हात लावत नसत. नाताळच्या सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पहिला सूर त्यांचा. तो निघाला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. खोटं कशाला बोलू, मीही तोंड फिरवून डोळे पुसायचो.

मी कारखान्यात कामाला होतो. एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि कामावरच्या तिघांना जमवून रॉक बँड काढला होता. त्या वर्षी गावात नवे फादर आले. घाटावरचे, तरणेबांड, बोलायला फटकळ. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी त्यांना येशूच्या आधी येऊन त्याची वाट तयार करणाऱ्या, रानात ओरडणाऱ्या संदेष्ट्यावर प्रवचन करायचं होतं. अंगावर उंटाच्या केसांचं वस्त्र, लोकांना सापाची पिल्लं म्हणणारा, सुधारा, नाहीतर कुऱ्हाड झाडाच्या मुळाला लागलीच आहे म्हणून धमकावणारा.

“हा माणूस पेटीवर हळू आवाजात गाणारा वाटतो का तुला?” फादर म्हणाले. “मला प्रवचनात गिटार पाहिजे, ड्रम पाहिजेत. लोक दचकले पाहिजेत.”

मी उड्या मारत घरी आलो. बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “आगमनकाळात वाजवायचं न्हाय.”

“फादरनीच सांगितलंय.”

“फादर उद्या बदली होऊन जाईल. मी हितंच हाय.”

मी म्हणालो, तुमच्या संगीताला त्या लुगड्यासारखी कसर लागलीय. बाबा उठले, नारळ सोलायचा कोयता घेऊन आले आणि माझ्या स्पीकरच्या वायरचे उंबऱ्यावर तीन तुकडे केले. मी बाकड्याला अशी लाथ घातली की फळीच चिरली. मग मी बाबांची कॉलर धरली. आई मध्ये पडली आणि माझं कोपर तिच्या ओठावर बसलं. रक्त हनुवटीवर आलं, ते तिने पदराने पुसलं आणि वायरचे तुकडे गोळा करायला लागली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दादाने, माझ्या थोरल्या भावाने, माझा हात मागे पिरगाळला आणि तोंड भिंतीवर दाबलं. “परत आईबापावर हात टाकलास तर हा हात मोडून ठेवीन.” दुसऱ्या दिवशी तो कोळीवाड्यातल्या एका बोटीवर खलाशी म्हणून समुद्रात गेला. रविवारी दुपारपर्यंत परतणार होता.

आता घंटेचं सांगतो. आमच्या चर्चच्या घंटेचे ठोके सगळा किनारा ओळखतो. मिस्सेला तीन. कुणी गेलं तर सावकाश, एकेक. आणि न थांबता घंटा बडवली की समजायचं, बोट संकटात आहे. मग कोळीवाडा असो की आमची आळी, सगळे दोर घेऊन खडकांकडे धावतात. फादर घाटावरचे, त्यांना हे ठाऊक नव्हतं. शनिवारी तालमीला ते म्हणाले, “शेवटी घंटाही बडवली तर?”

मी नाही म्हणायला हवं होतं. दुसरं कुणी गावचं तिथे नव्हतं. मी म्हणालो, “बडवू की.” बाबा पहाटेची मिस्सा करून घरीच बसणार होते, माझं तोंडही न बघता. त्यांना घरात बसून ऐकू जावं अशी माझी इच्छा होती. त्या क्षणी समुद्रात दादा आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रागाने मी आंधळा झालो होतो.

रविवारी फादर प्रवचनात कुऱ्हाडीच्या वाक्यापाशी आले, थांबले, आणि मी नवी वायर जोडलेली गिटार कडाडून वाजवली. काचा थरथरल्या. दोन म्हातारे उठून गेले, पोरं बाकांवर चढली. फादर ड्रमवर आवाज चढवत ओरडत होते, मन बदला, मन बदला! आजही सांगतो, ती उपासनाच होती. आईच्या ओठाचं रक्त, बाबांचा कोयता, माझी लाज, सगळं त्या तारांतून बाहेर पडत होतं आणि देवाकडे त्याला जागा होती. तशी प्रार्थना मी आधी कधी केली नव्हती. मग गिटार पाठीवर टाकून मी घंटेचा दोर दोन्ही हातांनी ओढला. ओढतच राहिलो.

बाजूच्या दारातून माणसं पळताना दिसली तेव्हा दोर सोडला. बाहेर एक बाई किंचाळत होती, “कोनाची बोट? अरे कोनाची?”

मी धावलो. बाबा अनवाणी आडवाटेने खडक उतरले होते आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेल्या दगडांवर डाव्या हातावर पडले होते. मनगटातून हाड बाहेर आलं होतं. उजव्या हाताने त्यांनी माझा शर्ट धरला. “दादाची बोट दिसली का रं?”

“बोटीला काय झालेलं नाही, बाबा. घंटा मी वाजवली. गाण्यासाठी.”

पहिली थोबाडीत दादाच्या बोटमालकाच्या बायकोने दिली. मग पुरुष तुटून पडले. लाथा, बुक्के, दोराचे फटके. माझा एक दात तिथेच वाळूत राहिला. फादर मिस्सेच्या झग्यातच मध्ये घुसले, त्यांनाही दोन बसल्या. मी हात उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

दादा दुपारी मासळी घेऊन सुखरूप आला. अलिबागच्या डॉक्टरांनी बाबांच्या मनगटात सळी घातली आणि सांगितलं, या हाताची दोन बोटं परत वाकणार नाहीत. व्हायोलिनच्या तारा दाबायच्या त्या याच हाताने.

नाताळच्या सकाळी पहिल्या सुराची वेळ झाली. फादर वेदीपाशी थांबून राहिले. सगळं चर्च बाबांकडे बघत होतं. मी सगळ्यात मागे, सुजलेलं तोंड घेऊन. आईने लुगडं सोडलं, व्हायोलिन बाबांच्या हनुवटीखाली ठेवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी गेलो. बाबांच्या मागे उभा राहून माझा डावा हात त्यांच्या डाव्या हाताच्या जागी घातला. त्यांच्या प्लास्टरचा वास माझ्या नाकात शिरला.

त्यांनी उजव्या हाताने गज टेकवला आणि मोकळी तार वाजवली. मला रडू फुटलं. गडबडीत मी बोट दाबलं आणि सूर फाटला. बाबांनी गज उचलला. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

“अजून न्हाय,” ते हळूच म्हणाले. “थांब. मी सांगतो तवा दाब.”

मी बोट तारेवर धरून थांबलो.