काळीच्या वाट्याचा घास

पोरी, फोन ठेवू नको वं, बसून ऐक. दारातूनच "आजी, घाईत आहे" म्हणून पळायची तुही सवय मले माहीत आहे. साऱ्या गावाची तू मॅडम, माह्यासाठी पोट्टीच. आणि पोट्टी असून इतके दिवस इकडे फिरकली नाई, म्हणून आधी रागावून घेते, मंग बोलते.

तू कॉलेजातून गुरांचा अभ्यास कराले पहिल्यांदा आली तवा माह्या गोठ्यात दोन कालवडी होत्या, एक तांबी, एक काळी. दोघी एकाच पावसाळ्यातल्या. आमच्या धानाच्या मुलखात कालवडीले कोणी विचारत नाई. सरकीची ढेप, कोंडा, जे काय घरात असंन ते दुधाच्या गाईले. कालवडीनं गुरं चारणाऱ्या गायक्यासंग जंगलात जावं, मिळंन ते खावं, घरी येऊन धानाची वाळली तणीस चघळावी. मोठी थोराड होऊन जाते तरी माजावर येत नाई, आणि आपण म्हणतो, जातच खराब. तू म्हणाली, "आजी, जातीला नावं ठेवू नका, तिचं पोट रिकामं आहे. लहानपणापासून नीट खाऊ घातलं तर लवकर गाभण राहते का, तेच तपासायचंय."

मले पटलं. पण तपासायची रीत मले रुचली नाई. एकीले खुराक द्यायचा, दुसरीले नाई. दोघी एकाच गोठ्यातल्या! पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि तू मलेच उचलायले लावली. तांबीचं नशीब निघालं.

तवापासून रोज सकाळी तेच काम. काळीले सोडायचं, मागच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन बांधायचं, मंग तांबीपुढे टोपलं ठेवायचं. भिजलेल्या ढेपेचा वास काय भिंत पाहून थांबते? काळी तिकडून हंबरे. तांबीचं खाऊन झालं का पुन्हा मागं जा, काळीले घेऊन ये. गुडघे भरून येत. माही जाऊ भिंतीवरून पाहे आणि म्हणे, "बाई, दोन सुनांत असं केलं असतं तर पोलीस आले असते दारात!"

मी म्हणो, "सुना बोलून तरी दाखवतात वं. हिले तेही येत नाई."

ती हसे. मले हसू येत नसे.

"मूठभर टाक ना काळीले, कोण पाहते?" असंही सांगे ती. नाई टाकलं. तू एवढीशी पोट्टी, एसटीच्या धुळीत येऊन, काळीची लाथ खाऊन, तिच्या छातीभोवती टेप गुंडाळून वजनाचा आकडा लिहे. तो आकडा मी खोटा कसा करू?

दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी मात्र मन मानेना. त्या दिवशी गावातल्या साऱ्या गुरांले रंगवतात, सजवतात, सुपात खिचडी ठेवून खाऊ घालतात. मी तुले फोन लावला. "पोरी, आज काळीले एक घास देऊ काय?" तू म्हणाली, "द्या आजी. मी तसं लिहून ठेवते." काळीनं त्या दिवशी सूपही चाटून काढलं.

पुढे तांबी भरत गेली, कातडी चमकायले लागली, माजावर आली, गाभण राह्यली. काळीचं उलटंच. जंगलाच्या कडेले वाघ फिरून राह्यला म्हणून गायकी गुरं आत नेईना, मंग होती ती चराईही गेली. तुहा अभ्यास संपला. जाताना तू म्हणाली होती, "काळीचाही खुराक पाठवीन आजी, आणि तिला मापायला मीच येईन." खुराकाची पोती आली, खोटं काऊन बोलू. गाडीवाल्यानं उतरवून दिली. तू आली नाई.

पहिल्या दिवशी मी टोपलं काळीपुढे ठेवलं. तिनं वास घेतला, आणि मान फिरवून आपल्या आपण मोहाच्या झाडाकडे चालायले लागली. मी तिथीच ओट्यावर बसून गेली, पोरी. उठाचंच वाटेना.

आता खाते. पण पोरगा म्हणते, "माय, हिचं वय निघून गेलं. धान कापून झाला का हिले विकून टाकू, तणीस तांबीच्या वासराले लागंन." मी रोज सुतळीनं काळीची छाती मापते. आधीची गाठ आता पुरत नाई, पुढे नवी मारा लागते. पोऱ्याले दाखवली तर म्हणते, "सुतळीले काय समजते माय? मॅडमनं टेप लावून सांगतलं, तर ठेवीन."

मले तरी कुठी माहीत, एवढा काळ उपाशी राह्यलेली कालवड आता गाभ धरंन काय नाई धरंन. तूच पाहून सांगशीन. नाई म्हणायचं असंन तर तसं म्हण, मी ऐकून घेईन. पण चिठ्ठी माह्या हातानं निघाली, हे माप तुह्या हातानं होऊ दे.

बांधीतला धान अजून हिरवा आहे. लोंब्या पिवळ्या व्हायच्या आत ये. सावली गावाहून सकाळची एसटी आहे, चहा इथीच पी. ये वं लवकर, आणि टेप विसरू नको.