साहेबाची खुर्ची

रांझी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये शेजारच्या काकांनी एकाच खोलीत भोसल्यांच्या काळचा पेटारा, नवाबी आरसा आणि इंग्रज साहेबाची उंच खुर्ची कोंबली होती. कशाचा कशाशी मेळ नाही, तरी काही जरा हललं की ओरडायचे, "अरे भैया, शोभा बिघडून राहिली!" मला भयंकर वैताग यायचा. पण लढाई सुरू होती, माझा भाऊ सीमेवर होता आणि रेडिओ फक्त काकांकडे. आई रोज बातम्या ऐकायला त्या खुर्चीत बसायची. तिचे सुजलेले पाय लोंबकळत राहायचे.

एका संध्याकाळी पाहतो, तर खुर्चीचे पाय करवतीनं कापलेले.

"काका, एवढी जुनी खुर्ची! काहून कापली?"

"वहिनींचे पाय टेकत नव्हते ना," ते खेकसले. "चूप बस आता. बातम्या लागल्या."