खुंटाची फूट

दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅनडातल्या मिल्टनमध्ये आम्ही दोघा मित्रांनी पाठीला पाठ लागलेली घरं घेतली. तो नागपूरचा, मी पुण्याचा. नॉर्थ यॉर्कला एकाच ऑफिसात होतो. दोन बॅकयार्डांच्या मध्ये फक्त लाकडी कुंपण होतं.

हॅमिल्टनजवळच्या रोपवाटिकेतून आम्ही अमेरिकन पर्सिमॉनची, म्हणजे तेंदूच्या कुळातल्या फळझाडाची, दोन कलमं आणली. दोन्हींवर बांधलेली फांदी एकाच मादी झाडाची. "कलम आहे, लहानच राहील," विकणारा म्हणाला आणि आम्ही ते खरं मानलं.

त्याचं झाड कुंपणाच्या जरा वर जाऊन थांबलं. माझं वरच्या बेडरूमच्या खिडकीपाशी पोचलं आणि त्याच्या बायकोच्या मेथी-टोमॅटोवर दुपारभर सावली पडू लागली.

"तू दुसरंच झाड लावलंस," तो एकदा म्हणाला.

"अरे, बरोबरच आणली ना आपण?"

मी शोधून वाचलं. कलम ज्यावर बांधतात तो खालचा खुंट बियांपासून वाढवलेला असतो आणि प्रत्येक खुंटाचा जोर वेगळा. सफरचंदाचं झाड ठेंगणं ठेवणारे खुंट मिळतात, तसे पर्सिमॉनला नाहीत. हे त्याला सांगितलं.

"सायन्स नको सांगूस. कट कर."

दर मार्चला मी छाटायचो. उन्हाळ्यात ते पुन्हा तेवढंच व्हायचं.

एका डिसेंबरात वडिलांच्या ऑपरेशनसाठी आम्ही पुण्याला गेलो. घराची किल्ली नेहमीसारखी त्याच्याकडे होती. परतलो तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ त्यानं नीट शोव्हल केलेला होता. मागे मात्र बर्फातून घोट्याएवढ्या उंचीचा बुंधा वर आलेला.

"बाबा, व्हेअर इज अवर ट्री?" मुलीनं विचारलं.

मी तसाच त्याच्या दारात गेलो.

"बुंधा ठेवलाय," तो शांतपणे म्हणाला. "परत येईल."

"कलमाच्या सांध्याखाली कापलंस तू. आता येईल तो खुंट. आपण आणलेलं झाड गेलं."

"झाड ते झाडच," म्हणत त्यानं दार लोटलं.

वसंतात बुंध्यातून जोरकस कोंब आले. मी ते वाढू दिले. काही वर्षांनी फुलं धरली, सगळी नराची; पर्सिमॉनची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ धरणार नव्हतंच. शेवटी माणसं बोलावून ते झाड मुळासकट काढून टाकलं.

पूर्वी ऑफिसला आम्ही एकत्र जायचो; आता तो ट्रेनच्या वेगळ्या डब्यात चढतो. ऑक्टोबरात कुंपणापलीकडे त्याचं झाड नारिंगी फळांनी लगडतं. पूर्वी त्याची बायको वाडगाभर फळं पाठवायची. आता ती खाली पडून सडतात आणि तो वास आमच्या किचनपर्यंत येतो.