आक्काच्या कपाळावरची खाडाखोड

मृगाच्या आठवड्यात मी शेंदूरजनाघाट सोडले. त्याला जबाबदार मी स्वतः. दसऱ्यानंतर माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, चेहरा मी अमरावतीच्या एका डिझाइन संस्थेत अभ्यासाचे काम म्हणून जमा केला; त्यालाही मीच जबाबदार. दिवाळीच्या सुट्टीत तो चेहरा संस्थेच्या संगणकावरून उचलला गेला. त्याला जबाबदार संस्थेचे संचालक. संक्रांतीला तो अकोल्याच्या दुकानात मसाल्याच्या पिशवीवर, गोरा होऊन, लटकत होता. त्याला जबाबदार संचालक आणि मसाल्याचे कारखानदार, दोघे मिळून आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे. गावात मागे राहिलेल्यांच्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या माहितीसाठी हे लिहीत आहे.

मी निघालो त्या सकाळी आक्का एसटी स्टँडवर आली होती. हातात भाकरीचा डबा आणि मृग बहाराची, ठेवून सुरकुतलेली चार संत्री. मी तालुक्याच्या न्यायालयात नक्कल विभागातून निवृत्त झालेला माणूस. मुले परप्रांतात, पत्नी निवर्तलेली. घरातले जुने फोटो ओलीने खराब होत चालले होते आणि त्यांतल्या माणसांची नावे सांगू शकणारे आम्ही दोघेच उरलो होतो. ते फोटो स्वतःच्या हाताने दुरुस्त करावेत म्हणून मी अमरावतीत खोली घेऊन शिकायला निघालो होतो. आक्काला हे पटले नव्हते.

"अरे नारायना, केस पिकल्यावर शाळेत चालला का बावा? मास्तर तुया नातवाच्या वयाचा असन. छड्या मारन तं कोनाले सांगशीन?" गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालू लागली. "डबा वापस आनजो. आन् चांगला घासून आनजो!"

मास्तराने छडी मारली नाही. त्याची पद्धत अधिक सुधारलेली होती.

संस्थेतले पहिले महिने सुखाचे गेले, हे मान्य करणे मला भाग आहे. बडनेरा रोडवरची वरच्या मजल्यावरची खोली, सकाळचा पोह्यांचा गाडा, आणि वर्गात माझ्या शेजारी मूर्तिजापूरची रूपाली. ही मुलगी मला पहिल्या दिवसापासून "काका" म्हणत असे आणि माझ्या चुका मोठ्याने जाहीर करत असे. मी चित्राचे थर म्हणजे लेयर शिकलो, नको तो भाग झाकणारा मास्क शिकलो. फोटो म्हणजे ठिपक्यांची रास; ताणली की फाटते. व्हेक्टर म्हणजे बिंदू जोडून आखलेली रेघ. ती नखाएवढी करा किंवा चौकातल्या फ्लेक्सएवढी, फाटत नाही. हे कळले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. माझ्या माणसांची चित्रे न फाटणाऱ्या रेघेत आखता येतील, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

परंतु त्याच वर्गात मला एक गोष्ट दिसली, जिने माझी झोप उडवली. न्यायालयात एका अक्षरावर रेघ मारली तरी बाजूला सही लागते. नकलेवर "मुळाबरहुकूम" असे लिहिण्यापूर्वी आम्ही दोघे जण मोठ्याने वाचून ताळा करत असू. येथे मात्र माणसाच्या तोंडावर वाटेल ती खाडाखोड करावी, आणि ती दिसली नाही म्हणजे पूर्ण गुण! सही नाही, तारीख नाही. या कलेला तेथे क्लीनअप म्हणतात. आमच्याकडे तिला दुसरे नाव होते आणि तिच्यासाठी वेगळे कलम होते.

व्हेक्टरच्या कामासाठी मी आक्काचा फोटो निवडला. अंगणात उभी, डोक्यावर पदर, दोन भुवयांच्या मध्ये गोंदणाची उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, हनुवटीवर आणखी एक. ही गोंदणे हौसेची नाहीत. लहानपणी आक्का बहिरमच्या जत्रेत हरवली होती. सापडल्यावर मायने तिला आधी एक थोबाडीत दिली आणि मग हाताला धरून गोंदणारणीपुढे बसवले. "पुन्हा हारपली तं ओयखू येईन," एवढेच मायचे म्हणणे.

पेन टूलने मी तो चेहरा आखला. इतर मुले जेथे एक बिंदू देत तेथे मी पाच देत असे. एक चूकही झाली. फोटोत आक्काच्या मागे कपडे वाळत घालायची तार आहे. मी तिला पदराचा काठ समजलो आणि चेहऱ्याबरोबर आखून मोकळा झालो.

"काका, तुमी तं आक्काच्या कानातून तार काहाडली!" रूपाली सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणाली. मी ती तार तशीच राहू दिली. झालेली चूक झाकायची नाही, हे माझे नोकरीभराचे वळण आहे.

संक्रांतीला रूपाली अकोल्याला मावशीकडे गेली होती. तेथून तिचा फोन आला. "काका, तुमची आक्का इथं दुकानात लटकून राहिली! मसाला विकून राहिली!" दुसऱ्या दिवशी मी अकोल्यास गेलो. पिशवीवर एक गुलाबी, गुळगुळीत, नथ घातलेली म्हातारी हसत होती. कपाळ कोरे, हनुवटी कोरी. मात्र कानामागून निघालेली तार जशीच्या तशी; रूपालीने ओळखले ते तिच्यावरूनच. ज्या चोराला गोंदण डाग वाटले, त्याला तार पदर वाटली. माझी चूक त्याने विश्वासाने जपली होती.

मी संचालकांसमोर पिशवी ठेवली. हे गृहस्थ जन्माने अकोल्याचे. मराठी मात्र पुण्याहून मागवलेली.

"अंकल, तुम्ही उगाच इमोशनल होताय. क्लायंटला क्लीन फेस हवा असतो. ते स्पॉट्स फार रस्टिक दिसत होते. उलट तुम्ही प्राउड व्हायला हवं, पहिल्याच वर्षी तुमचं काम मार्केटमध्ये गेलं!"

परवानगी कोणाची घेतली, असे मी विचारले. "स्टुडंट वर्क आहे हो," असे उत्तर मिळाले. जणू विद्यार्थ्याची बहीणही संस्थेच्या मालकीची! मी लेखी विचारणा केली. उत्तर नाही. कारखानदारांना लिहिले. त्यांनी मसाल्याची भेट-पेटी पाठवली. ती मी न उघडता परत केली.

पिशवी घेऊन मी गावी गेलो. आक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. तिने पिशवी हातभर लांब धरली, मग जवळ घेतली.

"हे कोन बाई व्हय? वरूडची का?"

तिने चित्रातल्या कानामागे बोट ठेवले.

"हे तार तं आपली हाये." तिने मागे वळून अंगणातल्या तारेकडे पाहिले, पुन्हा पिशवीकडे पाहिले आणि ती हसली. "आता वं माय! तार आपली हाये, मंग मी कोठी हावो?"

मग ती हसायची थांबली. हातातली पिशवी सुपात ठेवून तिने कपाळावरून बोट फिरवले आणि हळू आवाजात कारण विचारले, "काहून पुसलं रे त्याईनं? मायनं केलं होतं ते."

मी घर सोडले तेव्हा घर म्हणजे मला चार भिंती आणि ओल धरलेले फोटो वाटत होते. आता अमरावतीच्या खोलीत बसून मला एवढेच कळते, की ज्या अंगणात तुमच्या कपाळावरची खूण कोणी डाग समजत नाही, ते घर. बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याही फोटोंवर कोणी हात फिरवला आहे का, ते एकदा मुळाशी ताडून पाहा.

संस्थेचे वार्षिक प्रदर्शन येत आहे. मी आक्काला घेऊन येणार आहे आणि ती पहिल्या रांगेत बसणार आहे. संचालक महोदय, भेट-पेटी नको, बंद खोलीतली दिलगिरी नको. मंचावर उभे राहा, माइक हातात घ्या, पडद्यावर मूळ फोटो आणि तुमची पिशवी शेजारी-शेजारी लावा, आणि सगळ्या अमरावतीसमोर माझ्या बहिणीकडे बघून तिच्या प्रश्नाचे उत्तर द्या: काहून पुसलं?