पॅकेज घाटाचं, घर घाटीखाली

लाल गाडीचं पोट चिऱ्यावर टेकलं होतं आणि पुढची दोन्ही चाकं उताराच्या तोंडाशी जवळजवळ अधांतरी लोंबत होती. मी जमिनीवर पालथी पडून टॉर्चच्या उजेडात खालचा अंदाज घेत होते. मागे हमीदभाई उभे होते. डिलिव्हरी घेऊन त्यांना तीन तासही झाले नव्हते. शोरूमने बॉनेटवर घातलेला झेंडूचा हार अजून कोमेजला नव्हता.

"बाय, ही गाडी हाय का बोट?" ते म्हणाले. "पुळणीवर लागल्यासारखी बसलीय."

एवढ्यात उताराखालून, घरातून, जुबेदाभाभींचा आवाज आला, "आली काय हो गाडी?"

हमीदभाईंनी बॉनेटवरचा हार काढून हातात घेतला. मी टॉर्च विझवला.

मी रत्नागिरीतल्या एका शोरूमच्या वर्कशॉपची मॅनेजर आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला लोक मला पाहून "मिस्त्री कुठे आहे?" असं विचारायचे. आता मिस्त्रीला विचारतात, "मॅडम कुठे आहेत?" त्यामुळे माझा तोरा जरा जास्तच असतो, आणि त्या दिवशी तो चिखलात लोळत होता.

हमीदभाई जहाजावर चीफ इंजिनिअर होते. बत्तीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. तरुणपणी कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी एक छोटी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार पाहिली आणि तेव्हापासून तीच डोक्यात बसली. निवृत्त झाल्यावर आमच्या कंपनीची तशी गाडी बाजारात आली आणि हे शोरूममध्ये हजर झाले. भाभींनी एकच अट घातली होती. गाडी कसलीही घ्या, पण ती दारात आली पाहिजे.

अटीमागे कारण होतं. भाभींचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण त्यांचं घर खाडीच्या बाजूला, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, खाली. डांबरी रस्ता वर सड्यावर संपतो आणि तिथून घरापर्यंत चिऱ्यांनी बांधलेली उभी घाटी उतरते. त्या गावात आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघे जण वरखाली नेतात. भाभींनी साफ सांगितलं होतं, "खुर्चीत बसून मी गावाला तमाशा दाखवायची नाय. पयली गाडी दारात येऊ दे, मग काय कापायचा ता कापा." शेजाऱ्यांची जीप घाटी उतरते, पण जीपमध्ये चढायलाच गुडघा लागतो. साध्या गाड्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वरच राहतात, कारण घाटीच्या वळणावर झरा पाझरतो आणि शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासलं, तरी चार दिवसांत पुन्हा हिरवं.

जीपला दोर बांधून आम्ही लाल गाडी मागे ओढून घेतली. मग मी ऑफिसात येऊन ऑर्डर फॉर्म काढला. वापराच्या रकान्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: रेग्युलर घाट ड्रायव्हिंग. त्याखाली: परफॉर्मन्स पॅकेज रेकमेंडेड. मी सेल्स मॅनेजर शिरोळे साहेबांना फोन लावला. ते पुण्याचे, रत्नागिरीत येऊन जेमतेम चार महिने झालेले.

"सर, हे घाट ड्रायव्हिंग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कस्टमरनेच. म्हणाले, मला बाकी काही नको, गाडी घाटीत चालली पाहिजे. पालीवरून पुढे आंबा घाट ना? वळणावर आपलं पॅकेज म्हणजे एकदम चिकटून चालतं, मॅडम."

"सर, ते घाट नाही म्हणाले. घाटी म्हणाले. घराची घाटी."

"घराला घाट असतो?"

कोकणात घाटी म्हणजे दोनच गोष्टी. एक तर घराकडे जाणारा उभा उतार, नाहीतर शिरोळे साहेबांसारखा घाटावरून आलेला माणूस. दुसरा अर्थ मी फोनवर सांगितला नाही. शिवाय ओरडायला मला तोंडही नव्हतं. फॉर्मच्या तळाशी टेक्निकल चेक म्हणून सही माझी होती. मी रत्नागिरीची, हमीदभाईंचं गाव मला माहीत, आणि तरी 'घाट' वाचून मीही आंबा घाटच धरला. एक फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या सहीकडे बघून मला स्वतःचाच राग आला.

आता हे पॅकेज म्हणजे काय, ते सांगते. गाडी घेताना कंपनी जास्तीचे पैसे घेऊन काही भाग बदलून देते. स्प्रिंग आखूड आणि कडक, म्हणजे गाडी जमिनीलगत बसते आणि वळणावर झुकत नाही. चाकं मोठी, पण टायरची कड बारीक. ब्रेक मोठे. आणि चौथी वस्तू दिसत नाही, ती आत गिअरबॉक्सपाशी असते. तिला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल म्हणतात. साध्या गाडीत जे चाक सहज फिरतं त्याच्याकडेच इंजिनची ताकद पळते. एक चाक घसरलं की ते एकटंच फिरत राहतं आणि दुसरं स्वस्थ बसतं. या पॅकेजवाल्या भागामुळे ती पळापळ थांबते आणि दुसऱ्या चाकालाही कामाला लावलं जातं. गिऱ्हाईक पहिल्या तीन वस्तूंकडे बघून पैसे मोजतं. चौथीबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

शिरोळे साहेबांनी तोडगा काढला. "पॅकेज नसलेली साधी गाडी डेमोला आहे. ती उंच आहे. ती उतरली तर आपण कंपनीशी बोलून गाडी बदलून देऊ."

मला पटलं. दुसऱ्या दिवशी डेमो गाडी घेऊन मी स्वतः गेले. सड्याच्या टोकावरून गाडी अलगद खाली गेली, कुठेही टेकली नाही. अंगणात उभी केली, तेव्हा हमीदभाईंचा चेहरा उजळला. भाभी ओट्यावर खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "आली तर खरी. आता वर जाऊन दाखव."

वर जाताना वळणावर गाडी थांबली. चाक गरगर फिरायला लागलं, क्लचचा करपट वास आला, गाडी इंचभरही हलेना. सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि खाली दहा-बारा माणसं बघत उभी. शेवटी पुन्हा जीप आली, पुन्हा दोर.

हमीदभाई बाजूच्या दगडी गडग्यावर बसले. "जाऊ दे बाय. लाल गाडी विकून टाकतो. मी पाण्यातला माणूस, मला जमिनीवर काय समजणार?" भाभी खाली ओट्यावरून उठून आत गेल्या. त्यांना दारापर्यंतचं तेवढं अंतर चालायला किती वेळ लागला ते मी वरून पाहिलं. मला खरंच रडू आलं होतं, पण युनिफॉर्ममध्ये रडायची मला सवय नाही.

दोर बांधायला वाकले, तेव्हा वळणावरच्या शेवाळाकडे लक्ष गेलं. डाव्या चाकाखालचं शेवाळ पार खरवडून लाल चिरा दिसत होता. उजव्या चाकाखालचं शेवाळ मात्र जसंच्या तसं, हिरवंगार. मी हात लावून बघितलं. उजव्या चाकाने काडीचंही काम केलं नव्हतं. घाटी तिथे डावीकडे वळते, आतलं डावं चाक हलकं होतं, घसरतं, आणि सगळी ताकद तिकडे वाहून जाते.

"हमीदभाई," मी म्हटलं, "लाल गाडी विकू नका. या वळणाचं औषध त्याच गाडीत आहे."

ते इंजिनिअर. अर्ध्या मिनिटात त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजे डिफरेन्शियल ठेवायचा आणि स्प्रिंग काढायची?"

"तेच."

हे बोलायला सोपं होतं. मी शिरोळे साहेबांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. "मॅडम, पॅकेज म्हणजे पॅकेज. त्यातलं निम्मं काढून निम्मं ठेवायचं असं ब्रोशरमध्ये कुठे आहे?"

"सर, ब्रोशर घाटीखाली राहत नाही."

"आणि वॉरंटी?"

हा प्रश्न बरोबर होता. बाहेरचा एखादा भाग घातला, तर उद्या काही झाल्यावर कंपनी हात वर करणार. म्हणून मी साध्या मॉडेलचे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर घ्यायचं ठरवलं. ते त्याच कंपनीचे, त्याच गाडीचे. प्लांटमधल्या इंजिनिअरला मेल केला, घाटीचे फोटो जोडले. त्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "मॅडम, हा रस्ता आहे की विहिरीच्या पायऱ्या?" मी म्हटलं, रस्ता आहे, आणि त्याच्या टोकाला आमचं गिऱ्हाईक राहतं. त्याने दोन दिवस तपासलं आणि लेखी परवानगी दिली. ते पत्र मी प्रिंट काढून शिरोळे साहेबांच्या टेबलावर ठेवलं. उगाच नाही, मुद्दामच.

मग चाकांचा घोळ. मला उंच कडेचे टायर हवे होते, म्हणजे सोळा इंची चाकं. मिस्त्रीने चाक लावलं तर ते बसेच ना. पॅकेजचे मोठे ब्रेक आड येत होते. ब्रेक काढायला मी तयार नव्हते, कारण तसल्या उतारावर गाडी धरून ठेवणारे तेच. शेवटी सतरा इंची आणून बघितली. ब्रेक आणि रिम यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली. मिस्त्री म्हणाला, "बसली मॅडम, आंगठीसारखी."

गाडी पुन्हा अडकवून हसं करून घ्यायचं नव्हतं. म्हणून गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन मी आणि हमीदभाईंनी घाटीच्या तोंडाचा उंचवटा मापला. वहीत आकृती काढली. माझ्या हिशेबाने गाडीचं पोट चिऱ्यापासून दोन बोटं वर राहणार होतं. हमीदभाईंच्या हिशेबाने दीड. आम्ही त्यावर चहा थंड होईपर्यंत भांडलो.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून ते शोरूमला आले. मी म्हटलं, "चालवा तुम्ही. मी बाजूला बसते."

सड्याच्या टोकाशी त्यांनी गाडी थांबवली, एक श्वास घेतला आणि सोडली. पोट टेकलं नाही. अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा भाभी ओट्यावर आल्या, गाडीच्या छताला हात लावून म्हणाल्या, "एवढीशी? याच्यासाठी जन्म घालवलात?"

"वर जाऊन दाखवू?" हमीदभाई म्हणाले.

वळण आलं. डावं चाक शेवाळावर घसरलं, मला आवाज ऐकू आला. मग स्टिअरिंगला एक झटका बसला, उजव्या चाकाने चिरा पकडला आणि गाडी गुरगुरत, सरळ, न थांबता वर सड्यावर जाऊन उभी राहिली. मी ओरडले. अक्षरशः ओरडले. हमीदभाईंनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही, आणि खाली गावातली कुत्री भुंकायला लागली. सव्वीस वर्षांत इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

परत खाली गेलो. भाभी म्हणाल्या, "डॉक्टरांची तारीख घ्या."

ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून त्यांना हमीदभाईंनीच आणलं, सीटवर जाड उशी ठेवून. वळण पार करून गाडी अंगणात आली. खुर्ची धरायला कोणाला बोलावलं नव्हतं, तरी अर्धा गाव बघायला जमलाच. भाभी वॉकर धरून उतरल्या, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काय, कोण गेला काय? घरात या, चाय पिऊन जा."

आता शोरूममध्ये छोटी स्पोर्ट्स कार घेणारा कोणीही विचारतो, पॅकेज घ्यावं का? मी म्हणते, आधी घरी जायचा रस्ता दाखवा, मग पॅकेजमधलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते बघू. परवा मुंबईहून आलेला एक जण वैतागला. "मॅडम, मी टॉप स्पीड विचारतोय, तुम्ही पत्ता विचारताय."

मी त्याला सांगितलं, आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा घराच्या घाटीवरचा टॉप स्पीड ताशी सात किलोमीटर आहे, आणि पॅकेजचा पैसा न् पैसा त्या सातात वसूल झालाय.