बेगमच्या खोक्यातलं चंदन

परवा इथंच, या ग्रुपवर, एकाने विचारलं होतं, पाळलेल्या सापाच्या पेटीत खाली काय अंथरावं? उत्तरं पुष्कळ आली. मी गप्प बसलो... नव्वदीच्या म्हाताऱ्याला सापातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल म्हणून नव्हे. मला कळतं, आणि ते कसं कळलं हे सांगायची लाज वाटत होती.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. हुमनाबादच्या बाजारात माझं लाकूड कातायचं दुकान होतं. दुकान कसलं, लाकूड फिरवायचा एक चरक आणि वर चार पत्रे... पाळण्याचे खांब, लाटणी, माळांचे मणी, जे येईल ते कातायचो. वय अठरा-एकोणीस, पण स्वतःच्या हिमतीवर उभा राहिल्याचा तोरा विचारू नका!

शेजारच्या खोलीत कादरचाचा राहायचे. जुन्या सरकारात ते धान्याच्या गोदामावर पहारेकरी होते. राज्य गेलं तशी नोकरी गेली, कान तर आधीच गेले होते. बायको नाही, मूल नाही... गोदामातून त्यांनी एकच जीव घरी आणला होता, उंदरांसाठी तिथं राहू दिलेली धामण. तिचं नाव बेगम. चहाच्या मोठ्या खोक्यात ती राहायची, वर तारेची जाळी.

त्या साली खोलीला ओल आली. खोक्यातलं गोणपाट दमट राहून बेगमच्या पोटावर लाल चट्टे उठले. चाचा दुकानात विचारायला आले, आता खाली काय टाकू? वाळू गार पडते, ज्वारीचं भूस उंदराबरोबर तिच्या तोंडात जातं... त्यांनी सगळा विचार केला होता. शेवटी म्हणाले, "गोदाम के पुराने कागदां पडे हैं. वोच बिछा देऊं क्या?"

आज सांगतो, तेच बरोबर होतं. साधा कोरडा कागद, खराब झाला की बदलायचा. पण मी हसलो. "बेगम हाय ती चाचा, कागदावर कामून झोपवायलाव?" असं त्यांच्या कानाशी ओरडलो.

माझ्याकडे चंदनाचा भुसा होता. दुबलगुंडीच्या एका अप्पांनी मठाच्या माळांसाठी चंदन दिलं होतं, मणी कातून राहिलेला भुसा 'तूच ठेव' म्हणाले होते. अप्पा त्या वेळी दुकानातच बसलेले. तेही हसून म्हणाले, "चंदनाच्या झाडाला साप सोडतो का कधी? न्या, न्या चाचा, तुमची बेगम आता मठात बसल्यावानी घमघमंल."

चंदनाच्या झाडावर साप आम्हा तिघांपैकी एकानेही पाहिला नव्हता... ऐकलं मात्र तिघांनी होतं!

चाचांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. खोलीला देवघरासारखा वास सुटला. रोज सकाळी ते मला हाक मारायचे, कारण माझे कान तिखट. आत भेग असलेलं लाकूड मी चरकावर नुसत्या आवाजावरून ओळखायचो. "तू सुन के बोल, सांस कैसी चल रई?" मी जाळीला कान लावायचो आणि मान हलवायचो... ठीक हाय.

आठव्या दिवशी आवाज निराळा आला. बासरीत थुंकी अडकावी तशी बारीक घरघर. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओरडलो, "झोपायलीय! आरामात!"

का म्हणालो? चंदन माझं होतं. आपण दिलेली वस्तू वाईट निघाली, हे तोंडाने म्हणवेना... दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

घरघर वाढत गेली. मग श्वास पुरेना म्हणून बेगम मान उंच करून तोंड उघडं ठेवायला लागली. चाचांनी मला हाताला धरून नेलं, चेहरा असा फुललेला... "देख, खुशबू ले रई!"

त्या दुपारी मला राहवलं नाही. पण खरं तेव्हाही बोललो नाही. 'अप्पांना चंदन परत पाहिजे' असं सांगून भुसा काढून घेतला, खोकं पुसलं, कागद अंथरला. स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुकही वाटलं.

तिसऱ्या दिवशी बेगम गेली.

चंदनानेच गेली का, हे छातीठोक कोण सांगणार? पण घरघर चंदनानंतरची होती... आणि ती ऐकलेला माणूस मी एकटा.

ओढ्याकाठी खड्डा मी खणला. माती चाचांनी दोन्ही हातांनी लोटली. मग म्हणाले, "चंदन निकाला, तबीच गई वो. बडे लोगां का दिल छोटा रहता." ते अप्पांबद्दल बोलत होते, हे कळायला मला थोडा वेळ लागला. अप्पांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण चाचांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं... आणि ओढ्यावर बायका धुणं धुत होत्या. मी फावडं पुसत राहिलो.

पुढे अप्पा दुकानात आले की चाचा उठून जायचे. अप्पा विचारायचे, "आमचं काय चुकलं रे?" मी म्हणायचो, "म्हातारपण हाय अप्पा, मनावर घेऊ नका." दोघेही तसेच गेले, एकमेकांशी न बोलता.

त्या दिवशी ओढ्यावरून परतताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू तो दिल से दिया था बेटा. अल्ला तेरेकू बरकत देवे."

एका चरकाचे पुढे सहा झाले. पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, मुलं शिकली, नातवंडं परदेशात गेली... लोक म्हणतात, कष्टाचं फळ. मीही मान डोलावतो. पण ज्याला शाप द्यायचा त्याला त्या म्हाताऱ्याने दुवा दिली... आणि ती लागली.