जिजाबाईचा धवला

काशीगावात आगऱ्यांच्या घरी लग्न असलं की भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण धवलारीण उशिरा आली की मांडव खोळंबायचा. ती धवलारीण म्हणजे जिजाबाई. लग्नाचे विधी ती गाऊन लावायची. ती ओळ म्हणणार, मागे बसलेल्या बाया तीच ओळ उचलणार. आणि सुरू झालेला धवला मध्येच तोडणं म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणं. बाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण तिच्यापुढे तोंड वर करून बोलायची गावात कोणाची टाप नव्हती.

मी रत्नागिरीकडची, काशीगावच्या शाळेत मास्तरीण. अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत सरपंच दाजींनी मला कामाला जुंपलं. उमेदवार सभेला येणार, जिजाबाईने विकासाचा धवला गायचा आणि ओळी मी लिहायच्या. मी लिहिल्या. दाजींना नाही म्हणायची हिंमत झाली नाही, हे कबूल करून टाकते. काशीमीऱ्याच्या नाक्यावरचे ट्रक, हॉटेलं, गॅरेज, कारखान्यांची धुराडी, सगळं यमकात कोंबलं.

जिजाबाईला वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मास्तरीणबाई, यात माजी दुर्गा कुटं हाय?"

दुर्गा तिची सून. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. गावात दवाखाना नाही, न्यायचं तर ठाण्याला. खाटेवर घालून तिला हायवेच्या कडेला आणली. भर दुपारी जिजाबाई पदर पसरून रस्त्यात उभी राहिली आणि ट्रक हॉर्न मारत बाजूने निघून गेले. शेवटी बैलगाडी जुंपली, पण दुर्गा ठाण्याच्या वाटेवरच्या वरसाव्यापर्यंतही पोचली नाही. त्यानंतर दवाखान्यासाठी गावाने तीन अर्ज केले. तिन्हींवर पहिला अंगठा जिजाबाईचा होता आणि उत्तर एकाचंही आलं नाही.

कागद घडी करून मी घरी आले.

सभा शाळेच्याच मैदानात भरली. उत्पादन किती पटीने वाढलं, वाहतूक किती पटीने वाढली, हे उमेदवार तासभर सांगत होता. "यालाच विकास म्हणतात," असं तो दर पाच मिनिटांनी बजावायचा. माझ्या डोक्यात तिडीक जात होती. मग दाजींनी मोठ्या तोऱ्यात धवला जाहीर केला. जिजाबाई खाली सतरंजीवर बायांच्या पुढे बसली होती. माईक तिच्यासमोर आणून ठेवला. पहिल्या ओळी माझ्याच होत्या.

"हायवेला गाड्या झाल्या हजार गो,
धुराड्यांना आला लई बहर गो."

बायांनी ओळी उचलल्या. उमेदवार मान डोलवू लागला. मग जिजाबाईने माझा कागद सोडला.

"दुर्गा माजी पडली भर दुपारी गो,
एकबी गाडी थांबली न्हाय दारी गो."

बायांनी हीही उचलली. सवयच ती, आणि त्यातल्या कितीजणींनी त्या दुपारी खाटेला हात लावला होता. उमेदवाराचा माणूस दाजींच्या कानाशी लागला, "अरे, बंद करा ना हे. माईक हटाव." दाजी उठले खरे, पण दोन पावलांवर अडखळले. वैशाखात मुलाचं लग्न ठरलेलं, आणि धवला तोडायचा कोणी? धवलारीण आणायची अक्कल त्यांचीच, त्यामुळे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी गत झाली. मला मनापासून आनंद झाला.

जिजाबाईने आवाज चढवला.

"दवाखाना कंच्या गावी हाय गो,
सायेब, आमाला सांगून जाय गो."

बायांमध्ये दाजींची लेक शालू होती. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा संपत आला होता. ती एका हाताने पोट सावरून सगळ्यांत मोठ्याने गात होती. दाजींची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. जिजाबाईने तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली.

"दाजी, थांबवा हे," उमेदवार आता स्वतःच म्हणाला.

दाजींनी स्टेजवरची आपली खुर्ची उचलली, खाली आणली आणि बायांच्या शेजारी ठेवून तिच्यावर बसले.

"न्हाय थांबवनार, सायेब," ते म्हणाले. "माजी पोर इचारतेय. तिला उत्तर द्या."